मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडद्याला सूज: पद्धत चुकली म्हणून?

प्रश्न असा आहे: "आमच्या अण्णांचं वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह. पाच आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू बिनटाक्याच्या पद्धतीनं काढला. पट्टी काढल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचून दाखवत होते. गेल्या आठवड्यापासून मधोमध धुरकट दिसतं, पेपरच्या ओळी वाकड्या दिसतात. डॉक्टर म्हणाले, पडद्याला सूज आहे. नातेवाईक म्हणतात, लेझरनं केलं असतं तर हे झालं नसतं. आम्ही पैसे वाचवले म्हणून अण्णांचा डोळा गेला का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. डोळा गेलेला नाही आणि पैसे वाचवले म्हणून ही सूज आलेली नाही. गेली सव्वीस वर्षं मी मोतीबिंदू काढतो आहे. टाक्यांची, बिनटाक्याची आणि यंत्रानं करायची फेको, तिन्ही ऑपरेशनं माझ्या हातून झाली आहेत आणि तिन्हींनंतर पडदा सुजलेले डोळे मी पाहिले आहेत. तुमच्यासारखाच अपराधी चेहरा करून बसलेली मुलं-मुली माझ्यासमोर नेहमी येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला पडदा असतो. त्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा अगदी लहानसा भाग आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं तो करतो. तिथल्या पडद्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. ऑपरेशन कितीही सफाईनं झालं तरी डोळ्याच्या दृष्टीनं ती जखमच असते. जखम झाली की बुबुळाच्या भोवतालच्या भागातून प्रोस्टाग्लँडिन वगैरे दाह करणारी द्रव्यं सुटतात. ती डोळ्यातल्या पाण्यात मिसळतात आणि हळूहळू मागे झिरपत पडद्यापर्यंत पोचतात. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी घट्ट असतात, पाण्याचा थेंब बाहेर पडू देत नाहीत. या द्रव्यांमुळे त्या सैल होतात आणि पाणी पाझरू लागतं. मॅक्युलातले तंतू तिरके आणि विरळ असल्यामुळे पाणी नेमकं तिथेच साठतं, छोट्या छोट्या पोकळ्या करून.

ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन. अण्णांचा स्कॅन झाला असेल तर तो मागून घ्या आणि बघा. निरोगी पडद्याला मधोमध खळगा असतो, गालावरच्या खळीसारखा. सूज आली की तिथे खळीऐवजी उंचवटा येतो आणि आत काळी काळी भोकं दिसतात. अनारसा मधून मोडल्यावर जशी जाळी दिसते ना, तशीच. मी रुग्णांना हे चित्र नेहमी दाखवतो. आपल्याला वाकडं का दिसतं, हे ते पाहिल्यावर कुणालाही सांगावं लागत नाही. कॅमेऱ्यातली फिल्मच फुगली तर फोटो सरळ कसा येणार?

दुसरी गोष्ट वेळेची. ही सूज दुसऱ्या दिवशी दिसत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती नजरेला जाणवते, कधी तीन महिन्यांपर्यंतही. म्हणून कहाणी बहुधा अशीच ऐकू येते: आधी लख्ख दिसत होतं, मग कमी झालं. माझ्याकडे एक आजी यायच्या. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी हौसेनं सांगत होत्या की तांदळातले खडे आता सुनेच्या आधी मला दिसतात. सहाव्या आठवड्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, खडा कुठला आणि तांदूळ कुठला, काही कळेना झालंय." दुखणं नाही, लाली नाही, पाणी नाही. फक्त मधली नजर मंद. अण्णांचा पाचवा आठवडा आहे, वर्णन तंतोतंत जुळतं.

आता पद्धतीचा प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ऑपरेशननंतरची ही नजर कमी होण्याची तक्रार अमेरिकेतले डॉक्टर अर्व्हिन यांनी १९५३ साली नीट मांडली. १९६६ साली गॅस आणि नॉर्टन या दोघांनी फ्लुरेसिन नावाचा रंग शिरेतून देऊन पडद्याचे फोटो काढले आणि पाणी नेमकं कुठे पाझरतं ते दाखवलं. रंग मॅक्युलाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखा साठलेला दिसतो. म्हणून या आजाराला आजही अर्व्हिन-गॅस सिंड्रोम म्हणतात.

त्या काळी मोतीबिंदू त्याच्याभोवतीच्या पातळ आवरणाच्या पिशवीसकट उपटून काढत. क्रवाविच या पोलिश डॉक्टरांनी १९६१ साली गोठवणारी सळई वापरायला सुरुवात केली. सळईचं थंडगार टोक मोतीबिंदूला चिकटायचं आणि तो पिशवीसह बाहेर यायचा. आपल्याकडच्या जुन्या शिबिरांतही असाच मोतीबिंदू काढला जाई. घरातल्या वयस्कर मंडळींना ते जाड भिंगाचे चष्मे आठवत असतील, ज्यातून डोळे मोठेच्या मोठे दिसायचे. या पद्धतीत पिशवीच निघून जात असल्यामुळे मागचा काचद्रव, म्हणजे डोळ्यात भरलेला जेलीसारखा पदार्थ, पुढे सरकायला मोकळा असे. तो पुढे आला की पडद्याला ओढ बसते आणि दाहाची द्रव्यं मागे जायला वाट मिळते. रंगाचे फोटो काढून पाहिलं तर या पद्धतीनंतर पाझर काही अभ्यासांत ६० टक्क्यांपर्यंत डोळ्यांत सापडला होता. फोटोत पाझर दिसला म्हणजे रुग्णाला त्रास होतोच असं मात्र नाही. बऱ्याच जणांना काही कळतही नाही. हा फरक पुढे लागेल, लक्षात ठेवा.

मग आलं टाक्यांचं ऑपरेशन. दहा-बारा मिलिमीटरचा छेद घ्यायचा, पिशवीचा पुढचा भाग उघडायचा, आतला गर काढायचा, मागचं आवरण तसंच ठेवायचं आणि त्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचं. माझ्या मते या शास्त्रातला सगळ्यांत मोठा टप्पा तो हाच. यंत्र नंतर आलं. मागचं आवरण जागेवर राहू लागल्याबरोबर ही सूज झपाट्यानं कमी झाली. पिशवीची मागची भिंत म्हणजे घराच्या दोन खोल्यांमधलं दार. ते बंद असेल तर पुढच्या खोलीतला धूर मागे फारसा जात नाही.

तुमच्या अण्णांचं झालं ते बिनटाक्याचं, म्हणजे एसआयसीएस. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करतात. तो आतून झडपेसारखा स्वतःच मिटतो, म्हणून टाका लागत नाही. भारतानं आणि नेपाळनं हे तंत्र लाखो लोकांपर्यंत नेलं. फेकोमध्ये छेद जेमतेम अडीच मिलिमीटरचा असतो. सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावणारी सुई आतला गर फोडते आणि ओढून घेते. इथे नातेवाइकांचा एक गैरसमज दूर करतो: फेको म्हणजे लेझर नव्हे. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ते सुरू केलं ते ध्वनिलहरींवर. आपल्याकडे लोक फेकोलाच सर्रास लेझरचं ऑपरेशन म्हणतात. खरा फेम्टोसेकंद लेझर मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा वापरला गेला २००८ साली, बुडापेस्टला. त्यातही लेझर फक्त छेद घेतो, पिशवीला गोल खिडकी पाडतो आणि गराचे तुकडे करतो. पुढचं काम फेकोच्या सुईचंच.

मग सूज कुठल्या पद्धतीनंतर जास्त येते? ऑपरेशन सुरळीत झालं असेल, मागचं आवरण शाबूत असेल, तर नजरेला जाणवणारी सूज फेकोनंतर शंभरात एका-दोघांना येते. ओसीटीवर बारकाईनं मोजलं तर बिनटाक्याच्या आणि फेकोच्या, दोन्ही डोळ्यांत पडदा थोडासा जाड होतो. छेद मोठा असल्यामुळे बिनटाक्यात दाह पहिल्या दिवसांत किंचित जास्त असू शकतो. पण स्कॅनवरच्या काही मायक्रॉनच्या जाडीचा रुग्णाच्या वाचण्याशी बहुधा काही संबंध नसतो. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर फेको आणि बिनटाक्याच्या ऑपरेशनची तुलना केली गेली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी, म्हणजे या सुजेच्या नेमक्या मोसमात, चष्म्यासह चांगली नजर दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून जास्त लोकांना होती. बिनचष्म्याची नजर मात्र फेकोत सरस होती, ८१ विरुद्ध ७१ टक्के, कारण लहान छेदानं बुबुळाचा आकार कमी बदलतो. फेकोचा खरा फायदा हा आहे आणि तो मी नाकारत नाही.

लेझरचं म्हणाल तर त्याच्या माऱ्यानंतर डोळ्यातल्या पाण्यात प्रोस्टाग्लँडिन वाढतात आणि बाहुली आक्रसते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून लेझरच्या आधी दाह उतरवणारे थेंब घालून घेतात. ब्रिटनमध्ये आणि फ्रान्समध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत साध्या फेकोपेक्षा लेझरनं रुग्णाचं काही विशेष भलं झाल्याचं दिसलं नाही. जास्त पैसे भरले म्हणजे पडदा सुजणार नाही, अशी खात्री कुणी दिली तर ती खरी मानू नका.

उलट बाजूही सांगतो. मोतीबिंदू खूप पिकलेला असेल, काळपट, दगडासारखा, तर फेकोला जास्त शक्ती आणि जास्त वेळ लागतो, बुबुळाला इजा होते, आवरण फाटण्याचा धोका वाढतो. असा डोळा मी स्वतः आजही बिनटाक्यानं करतो. अण्णांच्या डॉक्टरांनी ती पद्धत निवडली असेल तर त्यामागे हेही कारण असू शकतं. त्यांना सरळ विचारा, ते सांगतील.

पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो तो ऑपरेशनच्या टेबलावर काय घडलं याचा. बरीच वर्षं झाली, माझ्या हातून एका गृहस्थांच्या डोळ्यात गराचा शेवटचा तुकडा काढताना मागचं आवरण फाटलं. सुईचं टोक तिथे अर्धा क्षण जास्त टेकलं होतं. काचद्रव पुढे आला, तो साफ केला, भिंगही नीट बसलं, पहिल्या आठवड्यात नजर उत्तम. पाचव्या आठवड्यात ते परत आले तेव्हा त्यांची बाहुली गोल राहिली नव्हती. एका बाजूला थेंबासारखी टोकदार ओढली गेली होती. काचद्रवाचा एक बारीक धागा छेदात अडकून राहिला होता आणि पडद्याला सतत ओढत होता. सूज चांगलीच होती. थेंबांनी उतरली नाही, शेवटी पडद्याच्या तज्ज्ञांनी तो धागा काढला तेव्हा उतरली. ते ऑपरेशन फेकोचं होतं, महागड्या घडीच्या भिंगाचं. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाची बाहुली गोल आहे ना, हे टॉर्चनं आधी पाहतो आणि मगच पुढचं तपासतो. अण्णांची बाहुली तुम्हीही पाहू शकता.

ब्रिटनमध्ये जवळपास ८२,००० डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह नाही, इतर काही गुंतागुंत नाही, अशा डोळ्यांत ही सूज १.१७ टक्के निघाली. मागचं आवरण फाटलं असेल तर धोका अडीचपटीहून जास्त. डोळ्याच्या आतल्या दाहाचा, म्हणजे युव्हिआयटिसचा, जुना आजार असेल तर जवळजवळ तिप्पट. पडद्यातली शीर आधी कधी बंद पडली असेल तर चौपटीहून जास्त, पडद्यावर आधीच पातळ पापुद्रा धरलेला असेल तर साडेपाचपट. आणि मधुमेही डोळ्यांत एकूण प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. त्यातही पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नसतील तर धोका जवळजवळ दुप्पट, खुणा असतील तर सहापट. काचबिंदूसाठी घालतात त्या लॅटानोप्रोस्टसारख्या थेंबांवर पूर्वी फार संशय घेतला जाई. या नोंदींत त्यांचा दोष दिसला नाही.

म्हणजे अण्णांच्या बाबतीत बारा वर्षांचा मधुमेह हे कारण पद्धतीच्या कितीतरी आधी येतं. त्यातून एक नाजूक प्रश्न उभा राहतो, जो तुम्ही डॉक्टरांना विचारलाच पाहिजे: ही सूज ऑपरेशनची की मधुमेहाची? दोन्ही एकाच जागी येतात पण उपाय वेगळे. पडद्यावर बारीक लाल ठिपके आणि पिवळे मेणासारखे डाग असतील, ऑपरेशनच्या आधीपासून जाडी वाढलेली असेल, तर मधुमेहाचा वाटा मोठा. पडदा एरवी स्वच्छ, सूज फक्त मधोमध, आणि रंगाच्या फोटोत डोळ्याच्या नसेचं टोकही पाझरत असेल, तर ती ऑपरेशननंतरची. पुष्कळदा दोन्हीचं मिश्रण असतं. म्हणूनच मधुमेही माणसाचा मोतीबिंदू काढण्यापूर्वी पडदा तपासणं आणि जमेल तिथे ओसीटी काढून ठेवणं मला फार गरजेचं वाटतं. आधीचा स्कॅन असेल तर आज कुणाला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

वयस्कर पुरुषांच्या बाबतीत आणखी एक विचारतो. लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी गोळी चालू आहे का? टॅम्सुलोसिन असेल तर ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा रंगीत भाग ढिला पडतो, लाटेसारखा हलतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो. त्याला जितका स्पर्श होईल तितकी दाहाची द्रव्यं सुटतात. गोळी बंद करून हा परिणाम जात नाही. पण सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीनं उतरतो. घरचे लोक शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या सांगतात, ही सांगायची राहून जाते.

आता उपचार. पहिली पायरी थेंबांचीच. प्रेडनिसोलोनसारखा स्टेरॉइडचा थेंब आणि जोडीला केटोरोलॅक, नेपाफेनॅक किंवा ब्रोमफेनॅक यांपैकी एक. चार ते सहा आठवडे नियमानं घालायचे, मग पुन्हा ओसीटी. सुरळीत ऑपरेशननंतरची सूज बहुसंख्य लोकांत काही महिन्यांत उतरते. सगळ्यांत मोठी चूक मी पाहतो ती अशी की पंधरा दिवसांत बरं दिसायला लागलं म्हणून थेंब बंद केले जातात आणि सूज परत येते. थेंब हळूहळू कमी करायचे असतात, चारवरून तीन, तीनवरून दोन. तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. स्टेरॉइडनं काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून तो मोजत राहावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं बाटल्या आणत राहणं धोक्याचं आहे ते यासाठी. केटोरोलॅकसारख्या जोडीच्या थेंबांनी क्वचित बुबुळाला जखम होते, विशेषतः डोळे कोरडे असतील किंवा संधिवात असेल तर. डोळा खुपायला लागला की थेंब ओतत राहू नका, दाखवा.

थेंब पुरले नाहीत तर डोळ्याच्या बाजूला ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन देतात, किंवा डोळ्याच्या आत औषध सोडतात. डेक्सामेथासोनची एक सुईएवढी कांडी मिळते, ती तीन-चार महिने हळूहळू विरघळते. मागचं आवरण फाटलेलं असेल तर ती पुढे सरकून बुबुळाला इजा करू शकते, म्हणून अशा डोळ्यात ती टाळतात. मधुमेहाचा वाटा असेल तर महिन्या-महिन्यानं देतात ती रक्तवाहिन्यांचा पाझर थांबवणारी इंजेक्शनं उपयोगी पडतात. आणि धागा अडकलेला असेल, गराचा तुकडा मागे राहिलेला असेल, भिंग बुबुळाला घासत असेल, तर कारण काढल्याशिवाय सूज पक्की जात नाही. महिनोन्महिने रेंगाळलेली सूज मात्र पडद्याचं कायमचं नुकसान करू शकते. म्हणून 'बघू, उतरेल' म्हणत फॉलोअप सोडू नका.

अण्णांना डोळा दुखतो, लाल होतो, किंवा खिडकीचा पडदा ओढल्यासारखी एका बाजूनं सावली येते, वीज चमकल्यासारखं दिसतं, असं काही झालं तर ती ही सूज नव्हे. संसर्ग किंवा पडदा सुटणं असू शकतं. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा, रात्र मध्ये जाऊ द्यायची नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे होईलच. एका डोळ्याला सूज आली असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता जास्त असते, पण आता तुम्हाला आधीपासून तयारी करता येईल. युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला प्रेमेड नावाचा अभ्यास २०१८ साली आला. मधुमेह नसलेल्या रुग्णांत नुसता स्टेरॉइडचा थेंब घातलेल्या गटात बारा आठवड्यांत सूज ५.१ टक्के, नुसत्या ब्रोमफेनॅकच्या गटात ३.६, आणि दोन्ही एकत्र घातलेल्यांत १.५ टक्के. मधुमेहींत दोन्ही थेंबांच्या जोडीला ऑपरेशनच्या शेवटी ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन दिलं तेव्हा पडदा कमी जाड झाला, मात्र काहींच्या डोळ्याचा दाब वाढला. अण्णांच्या बाबतीत मी असं करेन: उजव्या डोळ्याची सूज पूर्ण उतरून ओसीटीत खळी परत दिसेपर्यंत डाव्याला हात लावणार नाही. तोवर शुगर नियंत्रणात आणायची, पण घाईघाईनं एकदम खाली नाही. डाव्या पडद्याचा स्कॅन काढून ठेवायचा. ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीपासून दाह उतरवणारा थेंब सुरू करायचा, नंतर दोन्ही थेंब चालू ठेवायचे, आणि पाचव्या आठवड्यात, अण्णा कितीही छान दिसतंय म्हणाले तरी, एक ओसीटी काढायचा. फेको की बिनटाक्याचं, हे त्या डोळ्यातला मोतीबिंदू किती पिकलाय आणि तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय यावर ठरवू द्या.

सध्या रोज सकाळी अण्णांना उजवा डोळा उघडा आणि डावा झाकून त्याच कॅलेंडरातल्या तिथी वाचायला सांगा. कोणती ओळ वाकते, कोणती सरळ होत चालली, ते तारखेपुढे पेन्सिलनं लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ते पान सोबत न्या.